घोणशीला ‘ओके’ म्हटलं तो हिवाळा

शिक्रापूरच्या चौकात उसाच्या ट्रॉल्या अडकायला लागल्या की मी बूट झटकायला लागतो. थंडी अजून नीट पडलेली नसते, गोधड्या कपाटातच असतात. पण एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर आवळून बांधलेल्या उसाच्या मोळ्या आणि कानठळ्या बसवणारी गाणी असा ताफा चौकात शिरतो, मागे कंपन्यांच्या बसची रांग लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना मी आधी उजवा बूट उलटा करून फरशीवर आपटतो, मग डावा. आत हात घालायची हिंमत होत नाही म्हणून छत्रीच्या टोकानं चाचपून बघतो. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

‘‘अहो, लिफ्टनं येणार आहे का तो साप?’’ बायको दर वर्षी विचारते. मुलगी पहिलीत आहे. तीही माझं बघून शाळेचे बूट आपटते आणि ‘‘पप्पा, माझ्यातून काहीच पडलं नाही’’ असं जरा नाराजीनंच सांगते. मी हसतो. पण बादलीच्या मागचा कोपरा, सिलिंडरची पाठ, वॉशिंग मशीनखालची अंधारी पट्टी, एवढं सगळं बघितल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. गळीत हंगाम संपला, चौक मोकळा झाला, की माझी ही तपासणीही बंद होते. मग मे महिन्यात बायको कुणाला तरी हसत हसत सांगते, ‘‘यांची भीती पण सीझनल आहे.’’

मी मुळात घाबरटच. शिरूर गावात, स्लॅबच्या घरात वाढलो. वडील कचेरीत कारकून. शेत बघितलं ते एसटीच्या खिडकीतून. लहानपणी मी पतंग उडवला नाही, कारण गच्चीला कठडा नव्हता. घोड नदीत सगळी पोरं पोहायची तेव्हा मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो, आणि गंमत म्हणजे ते काम मी फार चोख करायचो. मोठेपणी नोकरीही तशीच मिळाली. एमआयडीसीतल्या कंपनीत क्वालिटी खात्यात. दुसऱ्यांनी केलेल्या कामावर संशय घ्यायचा आणि त्याचा पगार घ्यायचा.

आमच्या कामात तीन स्टिकर असतात. पार्ट बरोबर असेल तर हिरवं, बाद असेल तर लाल, आणि संशय असेल तर पिवळं. पिवळ्यावर ‘होल्ड’ लिहिलेलं असतं. म्हणजे थांबा, पुन्हा मोजा, साहेबांना दाखवा. लाइनवरची पोरं म्हणायची की माझ्या खिशात पिवळाच गठ्ठा असतो. ते खरं होतं. होल्ड म्हटल्यानं कुणी मरत नाही, असं माझं साधं तत्त्वज्ञान होतं, आणि त्या हिवाळ्यापर्यंत मी ते कधी मोडलं नव्हतं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मी कारेगावात एका खोलीत राहायचो. खोलीत आम्ही तिघं. सुदाम न्हावऱ्याकडचा, बागायतदाराच्या घरातला, घरी ऊस आणि दोन म्हशी. हा गडी आमच्याच कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर. उंच, हसरा, कुणाला नाही म्हणता न येणारा. दुसरा बिरू, भीमेच्या काठचा, पारगावच्या पुढे त्यांची वस्ती. त्याचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरायचे, आता घरची शेती आहे, पण एका जागी बसणं बिरूच्या रक्तात नव्हतं. आणि तिसरा मी. मला ते दोघं नावानं हाक मारत नसत. मी त्यांचा इन्स्पेक्टर.

सापांचं वेड लागलं ते कंपनीत. पॅकिंगच्या पुठ्ठ्यांमागे धामण निघाली. वॉचमन काठी घेऊन धावला, दोन बिहारी पोरं ‘मार, मार’ म्हणून ओरडायला लागली. बिरू मधे पडला आणि त्यानं ती शेपटीला धरून बाहेरच्या गवतात नेऊन सोडली. सुदामनं व्हिडिओ काढला. त्या रात्री दोघांनी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल देव जाणे. पुढच्या सुट्टीला सुदामची जुनी व्हॅन निघाली, आणि माझी इच्छा कुणी विचारलीच नाही. मागच्या सीटवर थर्मास, बिस्किटं, एक वेताची काठी आणि मी.

त्या हिवाळ्यातल्या सुट्टीच्या सकाळी अजून माझ्या अंगावर येतात. येतात त्या सुंदर म्हणूनच येतात, हे कबूल केलं पाहिजे. सूर्य वर आला की आम्ही न्हावरे फाट्यावरून आत वळायचो. दोन्ही बाजूंना ऊस, त्यावर तुरे आलेले, आणि तुऱ्यांवर ऊन पडलं की सगळं शेत मऊ दिसायचं. व्हॅनच्या काचेवर दव. गुऱ्हाळाचा गोड धूर एखाद्या वळणावर अचानक आत यायचा. सुदाम गाडी बैलगाडीच्या वेगानं चालवायचा, बिरू खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळायचा, आणि दोघांची नजर डांबराच्या कडेला लागलेली. थंडीनं आखडलेले साप ऊन खायला रस्त्याच्या कडेला येतात. ऊसतोड सुरू झाली की त्यांची घरंच मोडतात, मग ते जास्तच बाहेर दिसतात. हे मला बिरूनं सांगितलं, आणि तेव्हापासून ऊस दिसला की त्याच्या मुळाशी काय असेल हेच मला दिसतं.

आम्ही मारायचो नाही, विकायचो नाही, पिशवीत भरून न्यायचो नाही. बघायचो, फोटो काढायचो, आणि रस्त्यावर असेल तर ट्रॉलीखाली येऊ नये म्हणून बाजूला करायचो. एवढंच. पारगावच्या पुलाखाली खडकावर दिवड पसरलेले असायचे. एकदा नानेटी पाहिली, पाठीवर दोन पिवळे पट्टे, जणू कुणी पट्टीनं ओढलेले. एकदा नाग, ज्वारीच्या बांधावर, आम्हाला बघून उठला आणि तसाच उभा राहिला. बिरूनं हात जोडले. सुदामनं श्वास रोखला. मी व्हॅनच्या काचा वर केल्या.

नियम एकच होता आणि तो सुदामनं केला होता. बिनविषारी असेल तर हातानं, विषारी असेल तर काठीनं, आणि कळत नसेल तर इन्स्पेक्टरला विचारायचं. हे शेवटचं कलम थट्टेतून आलं होतं, पण ते पाळलं जायचं. साप दिसला की दोघं उतरायचे, चार हातांवर उकिडवे बसायचे, आणि सुदाम मान वळवून व्हॅनकडे बघायचा. ‘‘काय इन्स्पेक्टर?’’ मी काच दोन बोटं खाली करून सांगायचो, ‘‘होल्ड.’’ धामण असली तरी होल्ड. मग बिरू कपाळाला हात लावायचा, सुदाम हसत हसत काठी घ्यायला यायचा, आणि सापाचं आणि आमचं दोघांचंही भागायचं.

मी पुस्तकं आणली होती. भीती कमी होते म्हणतात ज्ञानानं. माझी दुप्पट झाली. घोणस आणि डुरक्या घोणस हा तर माझ्या झोपेचा विषय झाला. दोन्हींच्या अंगावर तपकिरी ठिपके, दोन्ही जाडसर. घोणस भयंकर विषारी, डुरक्या अगदी बिनविषारी. घोणशीच्या पाठीवर लांबट ठिपक्यांच्या तीन सरळ साखळ्या, डुरक्याचे डाग वेडेवाकडे, ओघळल्यासारखे, आणि शेपूट आखूड. मोठे असतील तर फरक कळतो. पिल्लू असेल तर भलेभले फसतात. हे मी खोलीत पाठ म्हणून दाखवलं तेव्हा बिरू म्हणाला, ‘‘आमच्या हिकडं डुरक्याशी पोरं खेळत्यात. तू आपला वाचून वाचून मर.’’

पुढच्याच सुट्टीला आम्हाला सुदामच्या रानात खरोखरच डुरक्या सापडला. दोघांनी हातावर घेतला. गार, खडबडीत, आळशी. माझ्यापुढे धरला, मी मागे सरकलो तो थेट पाटात पडलो. गुडघ्यापर्यंत चिखल. तोडणीच्या बायका कोयते थांबवून हसल्या. त्या दिवशी परतीच्या वाटेवर बिरू सहज म्हणाला, ‘‘पुढच्या टायमाला ह्याला खोलीवरच ठिवू. लई भार हुतोय गाडीला.’’ सुदाम काही बोलला नाही. तो बोलला नाही, हे मला लागलं. आठवडाभर मी लाइनवर मायक्रोमीटर फिरवत होतो आणि डोक्यात तेच वाक्य फिरत होतं.

पुढची सुट्टी आली. मी गेलो, मागच्या सीटवर न बसता पुढे बसलो.

पारगावच्या अलीकडे, वळणावर, डांबराच्या अगदी मधे तो होता. वीतभर, फार तर हातभर. अंगाचं वेटोळं करून पडलेला. थंडी कडाक्याची होती, त्यामुळे तो हलत नव्हता. मागून ट्रॅक्टर येत होता, गाणी आधी ऐकू आली, मग धूर दिसला. आम्ही तिघंही उतरलो. मी उतरलो म्हणून बिरूनं शिट्टी वाजवली.

‘‘डुरक्याच हाय,’’ बिरू म्हणाला. ‘‘पिल्लू हाय. उचल बिगी, ट्रॅक्टर आला.’’

सुदाम वाकला. मग थांबला. मान वळवून माझ्याकडे बघितलं. ‘‘काय इन्स्पेक्टर?’’

मी दोन पावलं पुढे गेलो. माझ्या पाठीवर ट्रॅक्टरचा हॉर्न बसत होता. मी खाली बघितलं आणि मला साखळी दिसली. एका ओळीत, सरळ, काळ्या कडांची. वेटोळ्यामुळे एकच नीट दिसत होती, पण होती. छातीत धडधड सुरू झाली, नेहमीसारखीच. आणि नेमका त्या नेहमीच्या धडधडीचाच मला संताप आला. प्रत्येक वेळी हेच होतं. धामणीला होतं, दिवडाला होतं, गच्चीवर होतं, सगळीकडे होतं. बिरू माझ्याकडे बघून ओठ दाबून हसत होता.

‘‘ओके,’’ मी म्हणालो. ‘‘डुरक्याच आहे.’’

बिरू ‘‘हाण तिच्या मारी!’’ म्हणून ओरडला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला आवडली. इतकी वर्षं झाली, पण तो अर्धा क्षण मला फार आवडला होता, हे लपवून काय करू? सुदामनं हात खाली नेला.

तो चावला ते आम्हाला दिसलंसुद्धा नाही. सुदामनं ‘‘आई!’’ म्हणून हात झटकला, साप बाजूच्या पाचटात पडला आणि तिथून मग आवाज आला. एवढ्याशा अंगातून फुत्कार, लांब, दमदार, कुकरची वाफ सुटावी तसा. डुरक्या असा आवाज काढत नाही. तिघांनीही तो ऐकला आणि तिघांनीही ऐकला नाही असं दाखवलं. ट्रॅक्टर शेजारून गेला, ड्रायव्हरनं शिवी दिली, गाणी लांब गेली. सुदामच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर दोन बारीक लाल ठिपके होते.

यानंतर आम्ही जे केलं ते आठवलं की मला अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आम्ही तिघं शिकलेले, कंपनीतले, दर महिन्याला सेफ्टीचं ट्रेनिंग घेणारे. बिरूनं रस्त्याकडेच्या कडुलिंबाची डहाळी मोडली. ‘‘चाव. इख चढलं असलं तर पाला गोड लागतो. कडू लागला म्हंजी कायबी न्हाई.’’ सुदामनं मूठभर पाला तोंडात कोंबला. आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यानं चावला, तोंड वेडंवाकडं केलं.

‘‘कडू,’’ तो म्हणाला. ‘‘लई कडू.’’

आम्ही हसलो. खरंच हसलो. मी सर्वांत मोठ्यानं. नट-बोल्ट मोजायचं यंत्र बरोबर मोजतंय का, हे दर सहा महिन्यांनी तपासून घेणारा माणूस मी. त्या पाल्याची परीक्षा कुणी घेतली होती हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आम्ही वळणावरच्या कठड्यावर बसलो, थर्मासमधला चहा ओतला. पंधरा मिनिटं गेली असतील. सुदामचं बोट जाड व्हायला लागलं होतं. तो ते दुसऱ्या हातानं झाकत होता.

तेवढ्यात बिरूचे चुलते आले. आप्पा. मोटरसायकलला दुधाच्या दोन किटल्या, डोक्याला मफलर. पुतण्याला बघून थांबले. बिरूनं उत्साहानं सगळं सांगितलं, पाला कडू लागल्याचंही सांगितलं. आप्पांनी गाडी स्टँडला लावली, सुदामचा हात धरला आणि बोट निरखलं.

‘‘लांबडं वरडलं का?’’

सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून लांबडं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

‘‘कडू आन् गोड काय बघत बसलाय रे?’’ आप्पांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. ‘‘तुझ्या चुलतीला चावलं तवा तीबी कडूच लागतंय म्हणली हुती. सांजपतूर कडूच म्हणत हुती. गाडी काढा. बोटातली आंगठी काढा आधी. हात हलवू द्यू नका. दौंडला चला, सापाचं विंजेक्शन हाय का फोन करून इचारा. मी मागून येतो.’’

सुदामचा साखरपुडा महिन्यापूर्वीच झाला होता. अंगठी शेजारच्या बोटात होती आणि तेही बोट फुगत चाललं होतं. व्हॅनच्या दाराला घालायचं तेल मी बोटावर ओतलं आणि ती फिरवत फिरवत काढली. सुदाम दात दाबून बसला होता. अंगठी माझ्या खिशात, त्याचा हात माझ्या मांडीवर, फळकुटासारखी वेताची काठी त्याला रुमालांनी बांधलेली. बिरू गाडी चालवत होता. भीमेचा पूल गेला. चौफुला, वरवंड, पाटस. हायवेवर प्रत्येक ट्रक आमच्याच आड येतोय असं वाटत होतं. मी दवाखान्यात फोन लावला, इंजेक्शन आहे म्हणाले. ‘‘आहे’’ हा शब्द मी सुदामला तीनदा सांगितला.

पाटसच्या पुढे त्यानं खिडकीतून थुंकायला मान बाहेर काढली. वाऱ्यानं थोडं काचेवर उडालं. पाल्याचा हिरवा रंग, आणि त्यात लाल.

‘‘जीभ चावली वाटतं,’’ सुदाम म्हणाला.

‘‘हो,’’ मी म्हणालो. त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. पुस्तकात मी ते वाचलं होतं, पान कोणतं तेही मला आठवत होतं.

दौंडच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी प्रश्न कमी विचारले, हात भराभर चालवले. सुदामच्या दुसऱ्या हातातून थोडं रक्त काढलं, काचेच्या कोरड्या नळीत घातलं आणि नळी स्टँडमध्ये उभी केली. ‘‘वीस मिनिटं. हात लावायचा नाही, हलवायची नाही. रक्त गोठलं तर चांगलं. नाही गोठलं तर विष भिनलंय.’’ आणि त्या सलाइन जोडायला वळल्या.

बिरू बाहेर आप्पांची वाट बघत उभा राहिला. मी त्या नळीसमोर बसलो. भिंतीवर घड्याळ होतं. नळीत दोन बोटं रक्त, गडद, शांत. पंख्याच्या वाऱ्यानं ती हलते आहे का म्हणून मी पंखा बंद करायला उठलो, मग उठल्यानं टेबल हलेल म्हणून पुन्हा बसलो. आयुष्यात हजारो पार्ट माझ्या हाताखालून गेले. एखादा पास व्हावा, एवढी तळमळ मला कधीच वाटली नव्हती. मधेच वाटायचं, कडेला जाडसर झालंय. मधेच वाटायचं, नाही. आत पडद्यामागे सुदाम सिस्टरला विचारत होता, ‘‘आईला कळवलं का? नका कळवू. ती घाबरट हाय.’’ सिस्टर हसल्या. मला मात्र घड्याळाचा काटा पुढे जावा की जाऊ नये हेच कळेना.

वीस मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी नळी उचलली आणि तिरकी केली. रक्त पाण्यासारखं या कडेवरून त्या कडेला वाहत गेलं.

पुढचं सगळं चांगलंच झालं, म्हणजे जितकं होऊ शकत होतं तितकं. इंजेक्शनं वेळेत सुरू झाली, संध्याकाळी त्याला पुण्याला हलवलं. किडनीवर परिणाम झाला होता, मशीनला लावावं लागलं. अकरा दिवस तो वाचेल की नाही हे कुणी नक्की सांगत नव्हतं. बाराव्या दिवशी त्यानं भाकरी मागितली. मी एकदाच भेटायला गेलो. सुदामच्या आईनं माझे दोन्ही हात धरले. ‘‘तुमी हुता म्हणून माझा ल्योक माघारी आला. अख्ख्या रस्त्यानं हात धरून बसला हुता म्हणं.’’ त्यांनी मला डब्यातली अर्धी चपाती खायला लावली.  अंगठी मी त्यांच्याकडे दिली आणि पाणी आणतो म्हणून बाहेर पडलो, तो थेट एसटी स्टँडवर.

त्यानंतर दोन महिन्यांत मी सणसवाडीच्या कंपनीत नोकरी धरली. शिक्रापूरला राहायला आलो. पगार बरा आहे, असं सगळ्यांना सांगितलं. लग्नाला गेलो सुदामच्या, पण अक्षता टाकून लगेच निघालो. फोन यायचे, मी कामात असायचो. माणसाला टाळणं किती सोपं असतं. एकदा टाळलं की पुढच्या वेळी टाळण्याचं कारण आपोआप तयार होतं. बिरूनं नोकरी सोडली, दौंडला डेअरीवर लागला. खोली दुसऱ्या कुणीतरी घेतली असेल.

या वर्षी पुन्हा चौक ट्रॉल्यांनी भरला आणि मी पुन्हा बूट झटकायला लागलो, तेव्हा मुलीनं विचारलं, ‘‘पप्पा, तुम्हाला चावला होता का?’’ मी नाही म्हणालो. ‘‘मग कुणाला?’’ सहा वर्षांच्या पोरीला सांगावं इतकं साधं ते नव्हतं, की साधंच होतं? त्याच आठवड्यात सुदामचा फोन आला. ‘‘ऊस तुटाय आलाय. ये की रं एकदा.’’ मी काम आहे म्हणायला तोंड उघडलं आणि ‘‘येतो’’ म्हणालो.

रविवारी दुपारी पोचलो. तोडणी निम्म्यावर झाली होती. बाहेरून आत असा ऊस तोडत आले होते, आणि शेताच्या मधे आता एक चौकोनी तुकडा तेवढा उभा होता. कोयत्यांचा खटखट आवाज, मोळ्या बांधणाऱ्या बायका, पाचटाचा खरखरीत वास. एवढ्या मोठ्या शेतातलं जिवंत काय काय त्या शेवटच्या तुकड्यात गोळा झालं असेल, या विचारानं माझे पाय बांधावरच थांबले. सुदाम माझ्यापर्यंत चालत आला. थोडा सुटला होता. त्यानं उजवा हात पुढे केला, मी धरला. त्याचं ते बोट मिटत नाही. सगळा हात माझ्या हाताभोवती मिटला, ते एक बोट तसंच सरळ राहिलं.

आम्ही बांधावर बसलो. पोरांच्या शाळा, माझ्या कंपनीतला ओव्हरटाइम, त्याच्या बोअरचं पाणी, सगळं बोलून झालं. मग मी बोललो. नऊ वर्षं ते वाक्य मी इतक्या प्रकारे रचलं होतं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच ओबडधोबड.

‘‘सुदाम, मला साखळी दिसली होती. त्या दिवशी. मी ओके म्हणायच्या आधी. मला संशय होता आणि मी ओके म्हणालो.’’

सुदाम उसाचं एक कांडं सोलत होता. सोलत राहिला.

‘‘मलाबी आला हुता,’’ तो म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘संशय. बिरू म्हणला उचल. मागं ट्रॅक्टर वरडत हुता. मला न्हाई म्हणाय लाज वाटली. म्हणून तर तुझ्याकडं बघितलं.’’ त्यानं कांड्याची साल बाजूला टाकली. ‘‘तू कायम थांबवायचा आमाला. तू होल्ड म्हणला की मी काठी आणाय मोकळा. मला काय वाटत न्हवतं का भ्या? पर तू हुतास ना भ्यायला.’’

 इतकी वर्षं मी समजत होतो की सापाचं नाव चुकीचं सांगितलं, हीच माझी चूक. पण सुदामनं मला सापाचं नाव विचारलंच नव्हतं. त्याला फक्त मी घाबरायला हवा होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी ते काम केलं नव्हतं.

‘‘मी घाबरलो होतो रे,’’ मी म्हणालो.  ‘‘फार घाबरलो होतो.’’

‘‘म्हाईत हाय,’’ सुदाम म्हणाला. त्यानं सोललेलं कांडं मोडून अर्धं माझ्या हातात दिलं. ‘‘बिरूबी घाबरला हुता. दवाखान्यात माझ्या पायाशी बसून रडला, म्हणला, आवाज झाला तवाच कळलं हुतं, पाला उगंच चाव म्हणलं. आमचं दोघांचं तवाच बोलून झालं. तुझंच ऱ्हायलं हुतं.’’